रक्तदाबाची वही

वाचकहो, शहापूर तालुक्यातल्या माणसाला पाण्याचा दाब म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगायला नको. इथल्या तानसा तलावाचे पाणी १८९२ सालापासून मोठमोठ्या नळांतून मुंबईला जात आहे. नळातून पाणी दूरवर न्यायचे तर दाब हवाच; दाब नसेल तर शहरातल्या वरच्या मजल्यावर थेंबही चढणार नाही. पण हाच दाब मर्यादेबाहेर गेला आणि वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर नळाचे सांधे कमजोर होतात आणि एखाद्या दिवशी कुठेतरी नळ फुटतो. फुटण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत बाहेरून पाहणाराला त्याचा पत्ताही नसतो.

आपल्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचे असेच आहे. हृदय हा पंप आणि धमन्या हे नळ. धमन्यांत सतत चढा दाब राहिला की त्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, हृदय थकते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, डोळ्यांचे पडदे बिघडतात. आणि मेंदूतली एखादी वाहिनी बुजली किंवा फुटली म्हणजे, आपल्याकडे म्हणतात तसे, अंगावरून वारे जाते. एक बाजू लुळी पडते, तोंड वाकडे होते, वाचा जाते. मग लोक म्हणतात, “काल संध्याकाळपर्यंत चांगला हिंडत होता हो!” हिंडत होता हे खरे, पण आतला दाब कित्येक वर्षे चढलेलाच होता. तो कुणी मोजला नव्हता, एवढेच.

हा न दिसणारा दाब मोजायला माणूस कसा शिकला, तो उतरवायला कसा शिकला आणि ही विद्या मोठ्या दवाखान्यातून डोळखांबसारख्या गावातल्या आजोबा-आजींच्या हाती कशी येऊन पोहोचली, याची हकिकत मोठी मनोरंजक आहे. ती नुसती मनोरंजक नाही, तर ऐकून आचरणात आणण्याजोगी आहे.

गोष्टीचा आरंभ इंग्लंडातल्या एका पाद्र्यापासून होतो. स्टीफन हेल्स हे त्याचे नाव. झाडांच्या खोडातून रस कसा वर चढतो, याचा त्याला ध्यास होता. त्याच ध्यासापायी त्याने एका घोडीच्या धमनीत पितळेची नळी घातली आणि तिला काचेची उंच नळी जोडली. घोडीचे रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच चढले आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वरखाली होऊ लागले. हा प्रयोग त्याने १७३३ साली प्रसिद्ध केला. जिवंत प्राण्याचा रक्तदाब माणसाने प्रथम मोजला तो असा.

पण धमनी कापून, आठ फुटांची नळी लावून माणसाचा दाब मोजणार कसा? पुढे १८२८ साली प्वाझ्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या नळीत पारा वापरला. पारा पाण्याहून साडेतेरा पटींहून अधिक जड. त्यामुळे फुटांचे काम मिलिमीटरांवर आले. आजही आपण रक्तदाबाचा आकडा सांगतो तो पाऱ्याच्या मिलिमीटरांतच. मग १८९६ साली इटलीतल्या रिवा-रोची या डॉक्टराने दंडाला गुंडाळायचा, हवा भरून फुगवायचा पट्टा काढला. आता धमनी कापायला नको, टोचायलाही नको. १९०५ साली रशियातल्या निकोलाय कोरोतकॉव्ह या तरुण शस्त्रवैद्याने पट्ट्याखाली कानाची नळी लावून ऐकले. हवा सोडता सोडता एका आकड्याला ठोके ऐकू येऊ लागतात आणि खालच्या एका आकड्याला ते बंद होतात, हे त्याच्या ध्यानी आले. वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. “एकशे तीस-ऐंशी” म्हणून डॉक्टर जे सांगतात, त्याचा उगम हा असा आहे.

आकडा तर हाती आला. पण त्याचे करायचे काय, हे मात्र पुष्कळ वर्षे कुणाला उमगले नव्हते. वय झाले की वाहिन्या ताठ होणारच, मग त्यांतून रक्त ढकलायला दाब वाढायलाच हवा, असे मोठमोठे डॉक्टरही समजत. याचे भयंकर फळ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या वाट्याला आले. मार्च १९४४ मध्ये त्यांना तपासले तेव्हा दाब १८६/१०८ होता. जगातल्या बलाढ्य राष्ट्राचा हा प्रमुख; पण त्या काळच्या वैद्यकापाशी त्याला देण्याजोगे खात्रीचे औषध नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले. त्या दिवशी त्यांचा दाब ३००/१९० भरला होता. आज डोळखांबच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला जी गोळी मिळू शकते, ती तेव्हा रूझवेल्टनाही मिळण्यासारखी नव्हती. काळ किती बदलला, हे यावरून पाहावे.

त्या दिवसांत एक उपाय मात्र चालत असे आणि तो ऐकून आपल्या भातखाऊ मुलखाला नवल वाटेल. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले वॉल्टर केंपनर हे डॉक्टर अतिशय चढलेल्या दाबाच्या रोग्यांना केवळ भात, फळे आणि साखर यांवर ठेवीत. पुष्कळांचा दाब त्याने खरोखर उतरला. “मग आम्ही तर रोजच भात खातो, आमचा का चढतो?” असे कुणी विचारील. त्याचे उत्तर असे, की केंपनरांच्या भातात मीठ नव्हते, भातावर आमटी नव्हती, बाजूला लोणचे नव्हते आणि तोंडी लावायला सुकटही नव्हती. गुण मुख्यत्वे आला तो मीठ सुटल्यामुळे. असा आहार कोणी आपल्या मनाने सुरू करू नये. तो फार कडक होता आणि वैद्यांच्या देखरेखीखालीच चालत असे. धडा घ्यायचा तो मिठाचा.

आणि मिठाची गोष्ट आपल्या या प्रांताला नवी आहे का? ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मिठागरे. तिथले मीठ आणि सुकी मासळी कोकणपट्टीतून घाटावर जायची. मुरबाडकडून नाणेघाट चढून गेले म्हणजे सातवाहनांच्या काळातला कोरीव लेख दिसतो आणि माथ्यावर दगडी रांजण दिसतो. या रांजणात घाटाची जकात पडे, असे लोक परंपरेने सांगतात. दोन हजार वर्षांच्या त्या वाटेवर बैलांच्या पाठीवरून मीठ वर चढत होते. तेव्हा मीठ मोलाचे होते. मासळी, मिरच्या, कैऱ्या पावसाळ्यासाठी टिकवायच्या तर मिठाचा मोठा आधार होता. ज्या मिठाने आपल्या पूर्वजांना पावसाळा काढू दिला, तेच मीठ आज स्वस्त झाले, घरोघरी वाजवीपेक्षा जास्त खाल्ले जाऊ लागले आणि त्याचा भार धमन्यांवर पडू लागला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. म्हणजे सगळे मिळून चहाच्या सपाट चमचाभराहून कमी. लोणचे, पापड, सुके बोंबील, शेव-फरसाण आणि बिस्किटे यांतले मीठही त्यातच धरायचे.

आता औषधाकडे वळू. इथे आपल्या देशाचा, आणि विशेषतः आपल्या मुंबईचा, मान मोठा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उपयोग वेडाच्या झटक्यांवर व वाढलेल्या रक्तदाबावर होतो, असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्या मुळातली द्रव्ये वेगळी काढली. पण जगाने लक्ष दिले ते डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. परळच्या केईएम रुग्णालयातले हे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन, आकडे काटेकोरपणे टिपून, १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निबंध लिहिला. मग स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली सर्पगंधेतले मुख्य द्रव्य, रिसर्पिन, वेगळे काढले गेले आणि ते जगभर गेले. डॉ. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

इथे एक सूचना देऊन ठेवतो. “सर्पगंधा आपलीच, मग मूळ उगाळून घेतले तर काय बिघडले?” असे म्हणू नये. मुळातले द्रव्य कमीजास्त असते. त्याने मन खिन्न होते, फार सुस्ती येते, दाब एकाएकी खाली जातो. म्हणून पुढे याहून सुरक्षित औषधे निघाल्यावर डॉक्टरांनी तिचा वापर पुष्कळ कमी केला. सर्पगंधेने वाट दाखवली, हा तिचा उपकार. त्या वाटेने पुढे गेले पाहिजे, हा शहाणपणा.

पण गोळीने आकडा उतरतो, म्हणून माणूस वाचतो असे सिद्ध झाले का? हा प्रश्न शास्त्राने १९६७ साली निकालात काढला. अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी १४३ पुरुषांवर प्रयोग केला. सर्वांचा खालचा आकडा ११५ ते १२९ च्या दरम्यान. निम्म्यांना खरी औषधे दिली, ज्यांत आपल्या सर्पगंधेचे रिसर्पिनही होते. निम्म्यांना औषध नसलेल्या गोळ्या. ज्यांना औषध नव्हते त्यांच्यात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवले. ज्यांना औषध होते त्यांच्यात केवळ दोघांवर. याहून बोलका आकडा कोणता हवा?

तरीही म्हाताऱ्यांविषयी शंका राहिलीच. “म्हातारपणी प्रेशर असायचेच. सत्तरीत आता गोळ्या कशाला?” हे वाक्य आपणही ऐकले असेल. १९९१ साली या शंकेचे उत्तर आले. साठी उलटलेली ४,७३६ माणसे, ज्यांचा फक्त वरचा आकडा चढलेला होता, अशांवर अमेरिकेत प्रयोग झाला. औषध घेणाऱ्यांत मेंदूच्या झटक्यांचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. पुढे २००८ साली ऐंशी वर्षे ओलांडलेल्या ३,८४५ माणसांवर प्रयोग झाला आणि त्यांनाही औषधाने लाभ झाला. तेव्हा “वय झाले, आता काय” हे म्हणणे इतिहासजमा झाले आहे. उलट, वय झाले म्हणूनच दाब सांभाळायचा.

मग अडते कुठे? रोग कळला, औषध निघाले, गोळी स्वस्त झाली. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या भारतीय स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के रक्तदाबाने ग्रस्त आढळले. यांतल्या कित्येकांना आपल्याला हा विकार आहे हे माहीत नसते; माहीत असणाऱ्यांतले कित्येक गोळी मध्येच सोडतात. कारण सरळ आहे. दुखत नाही, खुपत नाही, मग रोज गोळी का घ्यायची? ताप उतरला की आपण औषध थांबवतो. त्याच न्यायाने दाब उतरला की गोळी बंद. पण दाब उतरलेला असतो तो गोळीमुळेच. धरणाचे पाणी दरवाजे उघडल्यामुळे ओसरले, म्हणून कुणी लगेच दरवाजे बंद करतो काय?

म्हणून या इतिहासाचे शेवटचे प्रकरण डॉक्टराच्या खोलीत घडत नाही. ते रोग्याच्या घरी घडते. १९४० सालीच अमेरिकेतल्या एमन आणि गोल्डशाइन या दोघांनी रोग्यांना स्वतःचा दाब घरी मोजायला शिकवले होते. घरचा आकडा दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा पुष्कळदा कमी येतो, हे त्यांना दिसले. डॉक्टरपुढे बसले की छाती धडधडते, हे आपल्यालाही ठाऊक आहेच. २०१० साली इंग्लंडात ५२७ रोग्यांवर प्रयोग झाला. काहींनी घरी दाब मोजला आणि डॉक्टरशी आधीच ठरवून घेतलेल्या तक्त्याप्रमाणे औषधात बदल केला. बाकीचे नेहमीसारखे दवाखान्यात जात राहिले. वर्षअखेर घरी सांभाळणाऱ्यांचा वरचा आकडा इतरांपेक्षा पाचाहून थोडा अधिक उतरला होता. “ते इंग्लंडचे लोक, यंत्रे असलेले!” असे कुणी म्हणेल. पण २०२० साली बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका इथल्या खेड्यांतली अशीच हकिकत प्रसिद्ध झाली. तिथे आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन दाब मोजीत व समजावीत, आणि तिथेही दाब पाचानेच अधिक उतरला. आपल्या महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा या जिल्ह्यांतून रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम प्रथम सुरू झाला. ठराविक औषधे, सरकारी केंद्रातून पुरवठा आणि प्रत्येक रोग्याची नोंद हे त्याचे तत्त्व होते. सारांश, जिथे नोंद आहे तिथे दाब ताब्यात येतो.

आता डोळखांब, किन्हवली, टोकावडे या बाजूच्या आजोबा-आजींनी काय करावे? मुले कल्याण-भिवंडीकडे कामाला, घरी दोघे म्हातारे, पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद. अशा ठिकाणी आपला दाब आपणच सांभाळणे ही चैन नव्हे, ती गरज आहे.

पहिली गोष्ट वहीची. नातवाची अर्धी उरलेली वही पुरे. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा आणि गोळी घेतली की नाही, एवढेच लिहायचे. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्यावे. घरात यंत्र असेल तर ते दंडाला बांधायचे असावे, मनगटाचे नको. यंत्र नसेल तर उपकेंद्रात किंवा आशाताईंकडून मोजून घ्यावे आणि आकडा तोंडीच न ठेवता वहीत उतरवून घ्यावा. डॉक्टरकडे जाताना ही वही बरोबर न्यावी; दहा मिनिटांच्या तपासणीत जे दिसत नाही ते वही दाखवते.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या रीतीची. शेतावरून आल्याबरोबर, चहा पिऊन किंवा तंबाखू-मिश्री लावून लगेच मोजू नये. अर्धा तास जाऊ द्यावा. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंडावरची बाही वर करावी, हात हृदयाच्या उंचीवर टेकवावा आणि मोजताना बोलू नये. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. डॉक्टरांना दाखवायचे असेल तेव्हा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजावे आणि पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५ ही सर्वसाधारण हद्द. तुमच्यासाठी नेमकी कोणती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. एखाद्या दिवसाच्या आकड्याने घाबरू नये आणि एखाद्या दिवसाच्या चांगल्या आकड्याने गोळीही सोडू नये.

तिसरी गोष्ट गोळीची. रोज एकाच वेळी, एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून घ्यावी. सकाळच्या देवपूजेला म्हणा, न्याहारीला म्हणा. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी नव्या आणाव्यात. लावणीच्या दिवसांत तर आणखी आधी. पाय सुजले, कोरडा खोकला लागला, उठताना चक्कर आली, तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे. बदलून देता येतात. झोपून उठताना आधी कडेवर, मग बसून, मग उभे राहावे; म्हातारपणी पडणे हेही दाबाइतकेच घातक. जुलाब, उलट्या किंवा ताप येऊन खाणेपिणे तुटले, तर दाब खूप उतरू शकतो. त्या दिवसांत गोळीविषयी लगेच विचारावे. गुडघेदुखीच्या गोळ्याही दुकानातून परस्पर घेऊ नयेत. त्यांतल्या पुष्कळांनी दाब वाढतो.

चौथी गोष्ट ताटाची. मिठाचा डबा जेवताना जवळ ठेवू नये. सुकी मासळी भिजवून, दोन-तीनदा धुऊन मग शिजवावी. लोणचे बोटभर, पापड सणाला. कोकम, चिंच, लिंबू, लसूण यांनी मीठ कमी असले तरी चव भरून येते. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेले मीठ दिल्यावर मेंदूचे झटके १४ टक्क्यांनी घटले. मात्र ज्यांची मूत्रपिंडे बिघडली आहेत किंवा जे काही विशिष्ट गोळ्या घेतात, त्यांना हे मीठ धोक्याचे ठरू शकते. म्हणून विचारूनच वापरावे. तंबाखू, मिश्री आणि दारू यांविषयी तर बोलायलाच नको. ती सुटली तर निम्मे काम झाले.

आणि शेवटची गोष्ट घरातल्या तरुणांसाठी. तोंड एका बाजूला ओढले, एक हात उचलेनासा झाला, बोलणे अडखळू लागले, तर मालीश करीत किंवा देवऋषी शोधीत बसू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा. छातीत कळ आली, दम लागला, किंवा दाब १८०/१२० च्या वर जाऊन पुन्हा मोजूनही उतरला नाही, तरीही वाट पाहू नये.

वाचकहो, डोळखांबच्या पुढे गेले की देहण्याच्या अंगाला आजोबाचा डोंगर उभा आहे. त्याने किती पावसाळे पाहिले असतील, कोण जाणे. आपल्या घरातल्या आजोबांना तेवढे आयुष्य मिळणार नाही; पण जे मिळेल ते हिंडते-फिरते मिळावे, कुणाच्या खांद्यावर ओझे होऊन न जावे, एवढे तरी त्यांच्या हाती आले आहे. हेल्सच्या घोडीपासून केईएमच्या सर्पगंधेपर्यंत इतक्या माणसांनी खपून जी विद्या मिळवली, ती आज एका पट्ट्यात, एका गोळीत आणि एका वहीत मावते आहे. ती वही आजच घालावी.